उजवीकडे वळलेली शेपटी

१

कापसाचे थर संपले आणि आतून विटेचा तुकडा निघाला.

हेइशान संग्रहालयाच्या तळघरात आम्ही तिघं उभे होतो: संचालक न्ये, माझ्या वडिलांची जुनी विद्यार्थिनी डॉ. शाओ यानछिउ आणि मी. खणावर बाबांच्या हातची चिठ्ठी होती, ‘मासा. हात लावू नये.’ चिठ्ठी जागच्या जागी होती.

न्ये साहेबांनी वीट उलटसुलट करून पाहिली. जणू मासा मागच्या बाजूला असेल.

बाबांच्या सात सप्ताहांचे विधी आदल्याच दिवशी संपले होते. थडग्यापाशी जाळलेल्या कागदांचा वास माझ्या बाह्यांना अजून येत होता. बाबा गेले ते हृदयविकारानं, डोंगर उतरताना. त्यात कुणाचा दोष नव्हता. दोष शोधायला मिळाला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवसांत अनेकदा वाटलं होतं. आता मिळाला, तर तो असा.

चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, आणि त्यात जबडा नसलेले, डोक्यावर हाडाचं चिलखत घातलेले मासे होते. आमच्या डोंगरात त्यांची नुसती डोकी सापडतात. घोड्याच्या नालेसारखी ढाल, तिच्यात दोन डोळ्यांची भोकं, बास. धड आणि शेपटी इथे कुणालाच मिळाली नव्हती. बाबांना मिळाली, उभं आयुष्य घालवल्यावर. त्याबद्दल एक ओळ लिहायच्या आत ते गेले.

“दुआन सरांबद्दल मी वाईट बोलणार नाही,” न्ये साहेब म्हणाले. ही सुरुवात ऐकूनच पुढचं कळलं. “पण पुडकं त्यांनी बांधलं, किल्ली त्यांच्याकडे. आणि असले दगड घेणारे लोक आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे.”

“बाबांनी मासा विकला, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठे म्हटलं? गावात म्हणतील. नव्या दालनावर त्यांच्या नावाची पाटी लागणार होती ना, ती तूर्त थांबवू या.”

शाओताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लान, घरी चल. मी येते घर आवरायला, बाबांचे कागद लावायला. एकटीनं नको करूस.”

ती काहीतरी बोलेल म्हणून मी न्ये साहेबांसमोर थांबून राहिले. सरांना मी वीस वर्षं ओळखते, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. ते तिनं उच्चारलं नाही.

२

तक्रार घ्यायलाच कुणी तयार होईना. गावातल्या ठाण्यानं जिल्ह्याकडे बोट दाखवलं, जिल्ह्यानं शहराकडे. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला. शेवटी शहरातून पुरातन वस्तूंच्या चोऱ्या तपासणाऱ्या पोलीस अधिकारी पू बाई आल्या. वय निवृत्तीला टेकलेलं, एक गुडघा कामातून गेलेला, खिशात सूर्यफुलाच्या बिया.

“दगड गेला?” त्या बसता बसता म्हणाल्या. “डोंगर शाबूत आहे ना?”

मी उठून निघाले.

“बस गं. माणूस चिडला की खरं बोलतो, म्हणून चिडवते मी. दाखव काय गेलंय ते.”

बाबांच्या फोनमधला फोटो मी त्यांना दाखवला. हा फोटो सगळ्या गावानं पाहिला होता. बाबा भाजीवालीलाही दाखवत. करड्या दगडावर फुगून वर आलेला मासा. ढाल, धड आणि डावीकडे वळलेली शेपटी.

“तोंड कुठाय याचं?”

“खालच्या बाजूला भोक आहे. जबडा नसतो यांना.”

“म्हणजे तोंड उघडत नाही आणि वर चिलखत. माझे साक्षीदार असेच असतात.” त्यांनी बी फोडली. “हा दगडात अख्खा कसा सापडला?”

“दगड थराथरानं फुटतो. फोडला की दोन फाका होतात. एकीवर मासा फुगीर, दुसरीत त्याचाच खळगा, साच्यासारखा. बाबांचा नियम होता, दोन फाका एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. पूर येवो, आग लागो, एक तरी उरावी.”

“मग दुसरी कुठाय?”

हाच प्रश्न मी शाओताईला विचारला होता. “चुरा झाली म्हणे. फोडतानाच. बाबांनी तिला तसं सांगितलं होतं.”

“आणि तुला?”

मला काहीच सांगितलं नव्हतं. मी कुनमिंगला पुस्तकं संपादित करते. आमचे फोन जेवलीस का आणि थंडी आहे का यांवर संपत. “माशाचं नाव ठरवलंय, छापून आल्यावर दाखवतो,” एवढंच ते म्हणाले होते. नवा मासा ज्यानं आधी छापला त्याचं नाव त्याला चिकटतं, आणि त्यानं दिलेलं नाव माशाला. बाबांचं दोन्ही राहिलं होतं.

किल्ल्यांचा उलगडा पू बाईंनी घटकाभरात केला. दुसरी किल्ली संग्रहालयाच्या कचेरीत खिळ्याला टांगलेली असायची. न्ये साहेब, झाडूवाली, पाहुणे संशोधक, कुणीही घ्यावी.

“मग बाबांवरच संशय का?” मी न्ये साहेबांना विचारलं.

“कारण बाकीचे सगळे जिवंत आहेत,” पू बाईच म्हणाल्या. “ते उलट उत्तर देतात.”

संध्याकाळी घरी आले तर शेजारीण वर्तमानपत्र घेऊन दारात उभी. “लान, सापडला गं तुझ्या बापाचा मासा!”

पहिल्या पानावर फोटो होता. ढाल, धड, शेपटी. करड्या दगडावर फुगून वर आलेला. खाली लिहिलं होतं, ‘थांग यांच्या चुनखडीच्या खाणीत जगाला थक्क करणारा शोध. डॉ. शाओ यानछिउ यांच्याकडून ओळख.’

मी बाबांचा फोन शेजारी धरला.

वर्तमानपत्रातल्या माशाची शेपटी उजवीकडे वळली होती.

३

“मला कळत नाही असं वाटतं का तुला?” फोनवर शाओताईचा आवाज थकलेला होता. “मीही आधी तेच धरलं होतं. सरांचाच असेल, कुणी नेऊन टाकला असेल. पण मी स्वतः हातात घेतलाय तो, लान. वाफेवरच्या पावासारखा फुगीर आहे. सरांचाही फुगीरच होता. एकाची शेपटी डावी, एकाची उजवी. मासा मेल्यावर कूस बदलत नाही. हे दोन मासे आहेत.”

“मला बघायचाय.”

“मोहोरबंद पेटीत आहे, माझ्या प्रयोगशाळेच्या तिजोरीत. तपासणीला बीजिंगला जायचाय.” जरा थांबून ती म्हणाली, “घर आवरलंस का? सरांची अभ्यासिका तरी मी बघते ना. तुला काय ठेवायचं, काय टाकायचं कळणार नाही.”

कळणार नाही हे खरंच होतं, म्हणून ते जास्त लागलं. बाबांची दुसरी मुलगी म्हणायचे सगळे तिला. पहिली शहरात, दुसरी डोंगरावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाणीवर गेलो. खाणमालक थांगकाका आणि बाबा यांचं कधी पटलं नाही. बाबा म्हणत, हा माणूस समुद्राचं सिमेंट करतो.

“आलात?” थांगकाकांनी शिरस्त्राण डोक्यामागे ढकललं. “दुआनची पोर! तुझ्या बापानं जन्मभर माझ्या खाणीला शिव्या घातल्या. ‘थांग, तुझ्या थरात मासा असणं शक्य नाही.’ बघ म्हणावं आता वरून.”

“कुणाला दिसला?” पू बाईंनी विचारलं.

“मलाच. हा ढीग दिसतोय ना, त्यात. शाओ मॅडम आल्या होत्या थर बघायला. म्हणाल्या, काका, या ढिगाकडे लक्ष ठेवा, दगड चांगला आहे. आणि दुसऱ्याच सकाळी पावसानं धुतलेल्या दगडांत आकार दिसला. चिखल होता वर, पण शेपटी ओळखू आली. फोन लावला, मॅडम धावत आल्या, कापसात गुंडाळून घेऊन गेल्या.”

“तुम्ही नीट पाहिला नाहीत?”

“पाहू कधी देतात? हात लावू नका, श्वास सोडू नका. बापाच्या तालमीतली आहे ती.” मग ते माझ्याकडे वळले. आवाज उतरला. “पोरी, एक सांगतो. दुआननं विकला म्हणतात ना, ते मला खोटं वाटतं. तो माणूस मला पायाखालचा खडा विकत नव्हता. पण मी सांगून कोण ऐकणार? मला तर आता माझंच ऐकून घेत नाहीत. मासा सापडला म्हणून सरकारी माणसं खाणीवर कुंपण घालतायत.”

परतीच्या बसमध्ये पू बाई गुडघा दाबत बसल्या होत्या. “मासे दोन, शेपट्या दोन, बाई हुशार. लान, कागदावर हे प्रकरण मिटतं. तुझ्या बापाचा दगड गेला तो गेलाच, एवढं उरतं.”

“आणि विकला हेही उरतं.”

त्यांनी बियांची टरफलं खिडकीबाहेर टाकली. मला प्रथमच वाटलं, या बाईही आता शहरात परत जातील.

४

बसथांब्याजवळच्या खानावळीत आम्ही तांदळाच्या शेवया मागवल्या. वाडगे उकळते होते, म्हणून मी वर्तमानपत्र मधे अंथरलं. पू बाई माझ्या समोर बसल्या होत्या. माझ्याशी न बोलता त्या त्या फोटोकडे बघत होत्या.

“तुझी शाओताई खोटं तरी बोलते, नाहीतर तिला नवा चष्मा हवाय,” त्या म्हणाल्या.

“का?”

“फुगीर म्हणाली ना? हा तर खळगा आहे.”

“कुठे? फुगीरच आहे. डोळ्यांची भोकं बघा, ढालीची कड बघा, वर आलीय.”

“अगं, आत गेलीय! वाटीसारखी. मला म्हातारी समजतेस?”

“पू बाई, मी लहानपणापासून हे दगड बघतेय.”

“आणि मी लहानपणापासून वाट्या बघतेय.”

खानावळवाली ओरडली, “भांडायचं तर शेवया खाऊन भांडा!”

वाडगा सारायला मी वर्तमानपत्र ओढलं आणि ते उलटं फिरलं. आता पू बाईंना दिसत होता तसा फोटो माझ्यासमोर आला, डोकं खाली, शेपटी वर. माझ्या डोळ्यांदेखत मासा दगडात बुडाला. फुगवटा खचला, कड आत गेली. मी पुन्हा सरळ केलं. वर आला. पुन्हा उलटं. बुडाला.

चमचा माझ्या हातातच राहिला.

बाबांच्या टेबलावरचा दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यात खिळ्यांनी ठोकलेला होता. मी लहानपणी त्याची मान वळवून अभ्यास करायला जाई आणि बोलणी खाई. “प्रकाश वरून, डावीकडून. नेहमी. डोळ्याला सूर्य वरच हवा असतो. खालून उजेड मारलास तर डोळा फसतो, टेकडीची दरी होते आणि दरीची टेकडी.” जगभर असे दगड त्याच उजेडात टिपतात. कुणी वेगळं करत नाही, म्हणून कुणी तपासतही नाही.

“पेन्सिल,” मी म्हणाले.

माशाखाली, आकाराचा अंदाज यावा म्हणून, एक पेन्सिल आडवी ठेवली होती. बाबांचे सगळे विद्यार्थी ठेवतात. उजेड वरून असता तर तिची सावली तिच्या खाली पडली असती. मी वर्तमानपत्र सरळ केलं. बारीक काळी रेघ पेन्सिलीच्या वर होती.

“दिवा खाली होता,” मी सावकाश म्हणाले. “उजव्या हाताला, खाली. म्हणजे आपल्याला जे फुगीर दिसतंय ते खरं म्हणजे खळगा आहे. हा मासा नाही, माशाचा साचा आहे. आणि साच्यात सगळं उलटं असतं, आरशासारखं. डावी शेपटी उजवीकडे जाते.”

पू बाईंनी खाणं थांबवलं. “फोटो काढणाऱ्याची चूक झाली असेल.”

“फोटो बघून कुणाचीही होईल. पण ती म्हणाली, मी हातात घेतलाय. हातात घेतल्यावर फुगीर की खोल हे आंधळ्यालाही कळतं.”

“म्हणजे चुरा झालेली फाक,” त्यांनी एकेक शब्द तोलला, “वर्तमानपत्रात आली.”

“ती खणात होती. बाबांनी संग्रहालयात खळगाच ठेवला होता. तिनं तो काढून थांगकाकांच्या ढिगात टाकला आणि फोटोसाठी दिवा मुद्दाम फिरवला. पेन्सिल मात्र सवयीनं ठेवली.”

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पेन्सिल ठेवायला बाबांनीच तिला शिकवलं होतं, एवढंच मनात येत राहिलं.

“सावलीवर कुणाला धरता येत नाही,” पू बाई म्हणाल्या. “ती म्हणेल, दुसऱ्याच माशाचा साचा आहे. मला फुगीर फाक हवी. दोन फाका एका छपराखाली नाहीत, हा नियम ना? मग तुझ्या बापाला दुसरं छप्पर कोणतं होतं?”

५

एकच होतं, आमचं घर.

अभ्यासिका आम्ही उचकली. पुस्तकांमागे, पलंगाखाली, माळ्यावर. हातोड्या, डोकी, आणखी डोकी. शाओताई इथे यायला एवढी का धडपडत होती ते आता कळत होतं. तिलाही हेच हवं होतं. काहीच हाती लागेना. पू बाई जिन्यात पाय लांब करून बसल्या आणि मी चिडून स्वयंपाकघरात गेले.

“काहीतरी खाऊन घ्या,” मी ओरडून म्हणाले. “भात आहे, लोणचं आहे.”

आईची मोहरीच्या पानांच्या लोणच्याची मातीची बरणी कोपऱ्यात होती. आई गेल्यावरही बाबा दर हिवाळ्यात तीच भरत. मीठ दर वेळी जास्तच पडे. लाकडी झाकणावर वजन म्हणून मेणकापडात बांधलेला चपटा दगड. बाबा गेल्यापासून रोज जेवताना मी तो दोन हातांनी उचलून खाली ठेवत होते आणि परत वर ठेवत होते.

उचलला, आणि तशीच उभी राहिले.

लोणच्याच्या दगडाला कोण मेणकापड बांधतं? आणि बोटांना आत कापूस का लागतो?

“पू बाई,” मी हाक मारली.

त्या लंगडत आल्या. गाठ मी सोडली. कापसातून आधी शेपटी निघाली, डावीकडे वळलेली.

“काखेत कळसा,” पू बाई म्हणाल्या, “आणि माझा गुडघा गावभर वळसा घालून आला.”

मी हसले, आणि मग बराच वेळ मला हसणं थांबवता आलं नाही, किंवा ते हसणं नव्हतं. पू बाईंनी बिया काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

६

पंचनाम्यासाठी पेटी आणा, एवढाच निरोप पू बाईंनी शाओताईला दिला. ती आली. तळघरात न्ये साहेब होते, थांगकाका आपण होऊन आले होते.

“मोहोर फोडली तर बीजिंगवाले नाराज होतील,” शाओताई म्हणाली.

“माझ्यावर नाराज लोकांची रांग मोठी आहे. उघडा.”

कापूस निघाला. पू बाईंनी डोळे मिटले आणि एक बोट दगडावरून फिरवलं. “वाटी,” त्या म्हणाल्या. “थांगसाहेब, तुम्ही बघा.”

थांगकाकांनी हात पुसून बोट लावलं. “खोल आहे की. फुगीर म्हणत होत्या ना मॅडम?”

मी मेणकापड सोडलं. शाओताईनं दगड पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. तिनं फुगीर फाक आधी कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. ती वाकली. सवयीनं तिनं टेबलावरचा दिवा वरच्या डाव्या बाजूला सरकवला.

मी बाबांची फाक उचलून तिच्या फाकेवर उपडी ठेवली. किंचित सरकवावी लागली. मग आवाज झाला, छोटासा, आणि फट उरली नाही. ढाल ढालीत, शेपटी शेपटीत. कडेचा तुटका कोपरासुद्धा जुळला.

“माझ्या खाणीत नव्हताच तर,” थांगकाका पुटपुटले. “दुआनचंच खरं झालं शेवटी.”

न्ये साहेब कुणाकडेच बघत नव्हते.

“का?” मी विचारलं.

“सर गेले,” शाओताई म्हणाली. “मासा खणात पडून राहिला असता. न्ये साहेबांनी काचेत घालून तिकीट लावलं असतं. मी खण उघडला तेव्हा नुसता बघायचा होता.”

“मग बाबांच्या नावानं लिहायचं होतंस.”

“वीस वर्षं त्यांच्याच नावानं लिहिलं, लान. माझं नाव खाली, बारीक अक्षरात. एकदा मला वर हवं होतं.”

हे खरं असेल. बाबांना मी ओळखत होते. ते वाईट नव्हते, पण कुणाला पुढे करणारेही नव्हते. तिचं दुःख मला कळलं आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही.

“आणि लोक म्हणत होते, म्हाताऱ्यानं मासा विकला. तू इथेच उभी होतीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून.”

तिनं टेबलावरचा दिवा बंद केला.

पू बाई तिला घेऊन जाऊ लागल्या तेव्हा मी म्हणाले, “एक विचारायचंय. बाबांनी नाव ठरवलं होतं. तुला सांगितलं होतं का?”

“हो.”

मला राहून राहून वाटत होतं, तिनं नाही म्हणावं.

“युनछिन,” ती म्हणाली.

माझ्या आईचं नाव. तो मासा त्यांनी तिच्या बरणीवर का ठेवला, हे मी इतके दिवस लोणचं खाऊनही ओळखलं नव्हतं.

“तू कोणतं देणार होतीस?”

“तेच.” तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “ते मी बदललं नसतं.”

तिचा पुरता तिरस्कार करता यावा, एवढंही तिनं मला मिळू दिलं नाही.

ती गेल्यावर न्ये साहेब घसा साफ करत जवळ आले. “पाटी अर्थातच लागेल. समारंभही करू. तुम्हाला अजून काही हवं असेल तर...”

“वीट,” मी म्हणाले.

“कोणती?”

“कापसातली.”

“तो पुरावा आहे,” जिन्यातून पू बाई ओरडल्या. “माझे कागद झाले की पाठवते.”

पाठवली त्यांनी, वर्तमानपत्रात गुंडाळून. तोवर बरणीवरचं झाकण सैल पडून पानं वर आली होती. मी ती दाबून खाली बसवली, वीट मेणकापडात बांधली आणि झाकणावर ठेवली. दगडापेक्षा हलकी आहे, पण चालतं.